ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली का?

"आता दुखत नाही हो डॉक्टर, नुसती गालाला थोडी सूज आहे," असे म्हणत साठीच्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात आल्या. खालच्या उजव्या दाढेच्या खड्ड्यात त्यांनी ठेचलेली लवंग कापसात गुंडाळून बसवली होती. दीड महिन्यापूर्वी सलग तीन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. उशीवर डोके टेकले की ठणका वाढायचा आणि गार पाण्याचा घोट तोंडात धरून ठेवला की तेवढ्यापुरते बरे वाटायचे. चौथ्या दिवशी ठणका आपोआप थांबला, तेव्हा लवंगेचा गुण आला असे समजून घरातले सगळेच निश्चिंत झाले. एक्स-रे काढला, तर त्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी, जबड्याच्या हाडात, हरभऱ्याच्या डाळीएवढा काळसर डाग दिसला. दाढ बरी झालेली नव्हती. तिच्यातली नस मेली होती, म्हणून दुखणे थांबले होते.

रोज रुग्ण तपासताना मला जाणवते ते हे, की माणसे दाताच्या आजाराचे मोजमाप दुखण्यावरून करतात. दुखले की आजार आहे, थांबले की गेला. मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत हा हिशोब बहुधा बरोबर येतो, पण दाताच्या बाबतीत तो फार वेळा चुकतो. तो का चुकतो हे कळायचे असेल तर दाताच्या आत काय असते ते आधी पाहावे लागेल.

दात वरून दगडासारखा एकसंध दिसला तरी त्याचे थर असतात. सगळ्यांत वरचा पांढरा थर इनॅमलचा. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने सुमारे ९६ टक्के भाग त्यात खनिजाचाच असतो, आणि दाढेच्या उंचवट्यांवरही त्याची जाडी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर भरते. दात हिरडीतून वर आल्यानंतर या थरात एकही जिवंत पेशी उरत नाही. त्यामुळे त्याला कीड लागली तरी ते दुखत नाही, आणि त्यात एकदा खड्डा पडला की कातडीवरच्या जखमेसारखा तो भरूनही येत नाही. इनॅमलच्या खाली डेंटिन असते. ते पिवळसर, हाडासारखे, इनॅमलपेक्षा मऊ असून त्यात आतपर्यंत जाणाऱ्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. गार पाणी प्यायल्यावर दात शिवशिवतो तो या नळ्यांमधल्या द्रवाची हालचाल झाल्यामुळे. अगदी मध्यभागी एक पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू व मऊ पेशीजाल असते. आपण बोलीत ज्याला दाताची नस म्हणतो ती एखादी दोरी नसून हा सगळा जिवंत गाभा असतो, आणि त्याला रक्तपुरवठा होतो तो मुळाच्या टोकाशी असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रांतून.

"कीड" या शब्दाने आपल्याकडे बरीच दिशाभूल केलेली आहे. दातात खरोखरच किडा शिरतो असे मानून भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेण्याचा उपाय अनेक घरांत अजून सांगितला जातो. प्रत्यक्षात दातावर सतत जीवाणूंचा एक चिकट, पांढुरका थर साचत असतो. सकाळी उठल्यावर नख फिरवले तर नखाला जे बुळबुळीत लागते ते हेच. आपण साखर किंवा पिष्टमय पदार्थ खाल्ले की त्यांतली साखर हे जीवाणूही खातात आणि आम्ल सोडतात. दाताच्या पृष्ठभागावरचा पीएच (आम्लतेचे माप, आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधले खनिज विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते आणि खनिजाची भरपाई करू पाहते, परंतु त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले याला जास्त महत्त्व आहे. सणाला जेवताना चार पुरणपोळ्या खाऊन नंतर काही न खाणाऱ्या माणसापेक्षा दुकानाच्या गल्ल्यावर बसून दर तासाला अर्धा कप गोड चहा आणि एक बिस्कीट घेणाऱ्या माणसाचे दात अधिक धोक्यात असतात, कारण त्याच्या लाळेला दुरुस्तीसाठी उसंतच मिळत नाही. झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. रात्रीचे ब्रशिंग सकाळच्यापेक्षा महत्त्वाचे आहे असे आम्ही वारंवार सांगतो, त्याचे कारण हेच आहे.

या झिजेत आणि भरपाईत फ्लोराइड भरपाईच्या बाजूने काम करते, कारण त्याच्या सान्निध्यात नव्याने बसणारे खनिज आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण दहा लाखांत एक हजार भागांहून जास्त असू नये असा नियम असून ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असते. पेस्ट घेताना जाहिरातीपेक्षा ही ओळ वाचावी. ब्रश मऊ केसांचा असावा, दोन मिनिटे फिरवावा, आणि झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, कारण तसे केल्याने दातावर राहायला हवे असलेले फ्लोराइडच धुऊन जाते. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. ती कीड नव्हे. दात जबड्यात घडत असतानाच जादा फ्लोराइड पोटात गेल्याचा तो परिणाम आहे, आणि तिथे खरा उपाय पिण्याचे पाणी बदलण्याचा आहे.

आता उपचारांकडे वळू. कीड लागलेल्या दाताला कोणता उपचार लागेल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे कीड किती खोल गेली आहे. इनॅमलवर नुसता खडूसारखा पांढरा डाग असेल, खड्डा पडलेला नसेल, तर दात कोरण्याची गरज नसते. स्वच्छता, खाण्याच्या वेळा आणि फ्लोराइड एवढ्यावर तो डाग तिथल्या तिथे थांबू शकतो. कीड डेंटिनमध्ये शिरली की फिलिंग करावे लागते, म्हणजे किडलेला भाग काढून ती जागा दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने किंवा तत्सम सिमेंटने भरून घ्यावी लागते. हे काम सहसा एका बैठकीत, कमी खर्चात आणि फारसे न दुखता होते. अडचण अशी, की या टप्प्यावर दात एक तर अजिबात दुखत नाही किंवा गोड आणि गार खाताना जरासा शिवशिवतो, आणि रुग्ण ती बाजू टाळून दुसऱ्या बाजूने चावायला लागतो. सर्वांत सोपा उपचार ज्या काळात होऊ शकतो तो काळ असा बिनदुखण्याचा असतो, आणि म्हणूनच तो हातातून निघून जातो.

कीड गाभ्याजवळ पोहोचली की दाताचा सूर बदलतो. घरच्या घरी लक्षात ठेवण्यासारखी एक खूण सांगते. गार पाण्याने कळ आली आणि पाणी गिळल्यावर क्षणा-दोन क्षणांत थांबली, तर गाभा चिडलेला असला तरी सावरण्याची शक्यता असते. पण कळ पाणी गिळल्यानंतरही काही मिनिटे रेंगाळत असेल, गरम चहाने ठणका सुरू होत असेल, किंवा काही न खाता-पिता रात्री आपोआप दुखून जाग येत असेल, तर गाभ्याची सूज परतीच्या पलीकडे गेल्याची ती बहुधा चिन्हे असतात. अंगावर इतरत्र कुठे सूज आली तर कातडी ताणली जाते आणि सुजेला जागा मिळते. दाताचा गाभा चारही बाजूंनी कठीण भिंतींत बंद असतो, तिथे सूज पसरायला जागाच नसल्यामुळे दाब वाढत जातो, आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढला की तो आणखी वाढतो, आणि शेवटी त्या दाबाने व जीवाणूंच्या माऱ्याने आतल्या रक्तवाहिन्यांचे काम बंद पडते. गाभा मरतो. मज्जातंतूही मरतात, आणि ठणका थांबतो. मावशींच्या चौथ्या दिवशी हेच घडले होते. त्यानंतर त्या मेलेल्या पोकळीत जीवाणूंना मोकळे रान मिळते, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू साचतो, आणि काही महिन्यांनी कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट चव लागते, पुन्हा भरते. पुटकुळी फुटून वाहत असल्यामुळे दुखतही नाही, आणि माणूस पुन्हा निर्धास्त होतो.

या टप्प्यावर बहुतेक जण औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेऊन येतात. त्या गोळ्या रक्तावाटे पोहोचतात, आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच फिरत नसते. त्यामुळे आजूबाजूची सूज काही दिवस ओसरली तरी संसर्गाचे मूळ ठाण मांडून राहते. सूज पसरत असेल, ताप असेल, तर त्या गोळ्यांना जरूर स्थान आहे, पण त्या दातावरच्या उपचारासोबत द्यायच्या असतात, उपचाराऐवजी नव्हे. लवंगेबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ती अगदीच निरुपयोगी नाही. तिच्यातले युजेनॉल मज्जातंतू बधिर करते आणि दंतवैद्यकातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते पूर्वापार वापरले जात आले आहे. परंतु लवंगेचे तेल थेट ओतले तर हिरडी आणि गाल भाजतात. दुखण्याची गोळी चुरून दाढेशी धरली तरी तसेच चट्टे पडतात, आणि असे भाजलेले पांढरे चट्टे मला दर थोड्या दिवसांनी बघावे लागतात.

रूट कॅनाल या उपचाराची लोकांना जेवढी भीती वाटते तेवढी मला दुसऱ्या कशाचीही दिसत नाही, म्हणून त्यात नेमके काय होते ते जरा सविस्तर सांगते. आधी हिरडीत भूल देण्याचे इंजेक्शन दिले जाते. त्यात बहुधा लिडोकेन असते, जे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम तयार झाले आणि ज्याच्यामुळे दाताचे काम सुसह्य झाले. भूल चढल्यावर ओठ जड वाटतो. दाब आणि हालचाल कळते, पण कळ येऊ नये. आली तर हात वर करून सांगावे, सोसत बसू नये, कारण सुजलेल्या दाढेला कधी कधी जादा भूल लागते आणि ती देता येते. मग दाताभोवती रबराचा एक पातळ पडदा बसवतात, म्हणजे लाळेतले जीवाणू आत जात नाहीत आणि औषध व अवजारे घशात जात नाहीत. दाढेच्या माथ्यावर छोटे दार पाडून गाभ्याची पोकळी उघडली जाते. तिच्या तळाशी मुळांत उतरणाऱ्या नलिकांची तोंडे असतात. पुढच्या दातात बहुधा एकच नलिका असते, खालच्या पहिल्या दाढेत तीन किंवा चार, आणि वरच्या पहिल्या दाढेत चौथी नलिका अनेकदा इतकी अरुंद असते, की ती शोधण्यातच बराच वेळ जातो.

या नलिका साफ करण्यासाठी वापरायची फाइल म्हणजे टोकाशी ०.०६ मिलिमीटर जाडीपासून सुरू होणारी, लवचीक, सुईसारखी बारीक कानस असते. प्रत्येक नलिकेची लांबी एक्स-रेने आणि विजेवर चालणाऱ्या एका छोट्या उपकरणाने मोजली जाते. खालच्या दाढेत दाढेच्या माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंत ती सर्वसाधारणपणे वीस-बावीस मिलिमीटर भरते आणि त्यात अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालेलेही चालत नाही. कमी गेले तर घाण मागे राहते, जास्त गेले तर टोकापलीकडच्या पेशींना इजा होते. मात्र नलिकांना फाटे असतात, आणि त्या फाट्यांत कोणतीही कानस पोहोचत नाही. म्हणून मधूनमधून सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने त्या पुन्हा पुन्हा धुतल्या जातात. खुर्चीत पडल्या पडल्या पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो याचा. नलिका कोरड्या झाल्या की गट्टा-पर्चा नावाच्या, झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या बारीक काड्या सिमेंटसह आत बसवून त्या बंद केल्या जातात. संसर्ग किती आहे त्यानुसार हे सगळे एका बैठकीत होते किंवा दोन-तीन बैठकी लागतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखरेपणा राहणे स्वाभाविक आहे. मात्र दुखणे दिवसागणिक वाढत गेले किंवा सूज आली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता कळवावे.

मावशींच्या दाढेला तीन नलिका निघाल्या आणि दोन बैठका लागल्या. "एवढंच होतं होय? उगीच दीड महिना काढला," हे त्यांचे पहिले वाक्य. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा तो काळसर डाग आकसून मुगाच्या दाण्याएवढा झालेला दिसला, आणि त्याच्या कडेने हाडाची नवी पांढुरकी जाळी धरू लागली होती. इनॅमल भरून येत नाही, पण हाड येते, त्याला आतला संसर्ग काढून जागा करून द्यावी लागते.

रूट कॅनालनंतर दाढेवर बसवायच्या टोपीच्या, म्हणजे कॅपच्या बाबतीत मात्र मला रुग्णांना कळकळीने सांगावेसे वाटते, कारण इथे फार दाढा वाया जातात. रूट कॅनाल झाले, दुखणे गेले, आता कॅपचा खर्च कशाला, असा विचार करून माणसे महिनोन्महिने येत नाहीत, आणि एक दिवस भाकरीच्या कडेने किंवा फुटाण्याने दाढ उभी चिरते. कीड आणि वरून पाडलेले दार यांमुळे दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात, त्यांवर चावण्याचा सगळा भार पडतो. मुळापर्यंत चीर गेलेली दाढ बहुधा काढावीच लागते, म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही पाण्यात. कॅप धातूची असते, धातूवर सिरॅमिक चढवलेली असते किंवा झिरकोनिया नावाच्या कठीण, पांढऱ्या सिरॅमिकची असते. मागच्या दाढेला साधी धातूचीही वर्षानुवर्षे उत्तम चालते आणि ती तुलनेने स्वस्त पडते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. पुढच्या दातांचा बराचसा भाग शाबूत असेल तर प्रत्येक वेळी कॅप लागतेच असे नाही.

दात वाचण्यापलीकडे गेला असेल तर तो काढण्यातच शहाणपण असते. वरची दाढ काढली की नजर अधू होते ही समजूत निराधार आहे. दृष्टीची नस वेगळी, दातांना संवेदना देणारी नस वेगळी, आणि दात काढताना डोळ्याच्या नसेशी काही संबंधच येत नाही. चाळिशीच्या आसपास दात काढण्याची वेळ आणि चष्मा लागण्याची वेळ बऱ्याचदा एकच पडते, त्यातून ही समजूत रुजली असावी. दात काढल्यावर खड्ड्यात जी रक्ताची गाठ धरते तीच जखमेची मलमपट्टी असते. म्हणून बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, त्या दिवशी चुळा भरू नयेत, सारखे थुंकू नये, तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद ठेवावी. गाठ निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका लागतो आणि पुन्हा यावे लागते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून थांबवू नयेत. आधी दंतवैद्याला सांगावे, तो हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवील. गरोदरपणातही दाताचा आवश्यक उपचार करता येतो, मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे असतात.

काढलेल्या दाताची जागा वर्षानुवर्षे मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिच्यात कलतात आणि समोरचा दात खाली किंवा वर सरकतो. ती भरण्यासाठी काढ-घाल करता येणारा दात, शेजारच्या दातांवर आधारलेला ब्रिज किंवा हाडात बसवलेला इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियम धातूचा स्क्रू, असे पर्याय असतात. टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवते हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी ओळखले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. आज ते सर्रास होत असले तरी मधुमेह आटोक्यात नसेल किंवा धूम्रपान चालू असेल तर ते निकामी होण्याचा धोका वाढतो, आणि हाड धरण्यासाठी बऱ्याचदा काही महिने थांबावे लागते. एका दिवसात सगळे, अशा जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे. अक्कलदाढ नीट उगवली असेल आणि साफ ठेवता येत असेल तर ती काढण्याचे काही कारण नसते. आडवी अडकून वारंवार हिरडी सुजवत असेल तर मात्र काढून टाकावी.

दाताइतकेच दात ज्यात उभा असतो ते घरही बघायला हवे. ब्रश करताना हिरडीतून रक्त येते म्हणून लोक त्या जागी ब्रश लावणे सोडतात, आणि नेमके उलटे होते. साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते, थर तसाच राहिला की सूज वाढते, पुढे त्यावर लाळेतले खनिज बसून त्याचे दगडासारखे कीटण होते आणि ते ब्रशने निघत नाही. ते काढणे म्हणजे स्केलिंग. स्केलिंगने दात हलायला लागतात, असे मला दर आठवड्याला कोणी तरी ऐकवते. खरे असे आहे, की कीटणाखाली हाड आधीच झिजलेले असते आणि हलणाऱ्या दातांना ते कीटणच सांधून धरत असते. ते काढल्यावर फटी उघड्या पडतात आणि दात मोकळे वाटतात. कीटण आणखी पाच वर्षे ठेवले असते तर हाड आणखी गेले असते. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होऊ शकते, पण कीटणाखाली झिजलेले हाड मुळाच्या टोकाशी असलेल्या हाडासारखे सहजासहजी परत मिळत नाही, आणि हा आजारही कीडीसारखाच मुकाट्याने वाढतो. मधुमेह असलेल्यांनी तर हिरड्या तपासूनच घ्याव्यात: वाढलेली साखर हिरड्यांचा आजार बळावते, आणि हिरड्यांचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही.

मिसरीविषयी मी इथे स्पष्ट लिहिते, कारण महाराष्ट्रात तव्यावर तंबाखू भाजून, कुटून ती दातांना लावण्याची सवय विशेषतः बायकांमध्ये खोल रुजलेली आहे. पोट साफ होते, दात घट्ट राहतात, दुखायचे थांबते, अशी कारणे सांगितली जातात. दात दुखायचे थांबतात ते बधिरपणामुळे. शिवाय निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार असूनही रक्त येत नाही, म्हणजे जे एक चिन्ह दिसले असते तेही झाकले जाते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावरच्या तंबाखूला कोणता कायदा अडवणार? सुपारी आणि गुटख्याने तर गालाची आतली कातडी घट्ट, पांढुरकी होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. आपली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून तोंडात जातात का, हे तंबाखू-सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाने आरशासमोर बघावे. बोटे जात नसतील, तिखट सहन होत नसेल, किंवा तोंडातली जखम अथवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर तो दुखत नसला तरी लगेच दाखवावा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

तातडीची म्हणावी अशी एक परिस्थिती वेगळी सांगते. खालच्या दाढेची सूज हनुवटीखाली आणि मानेकडे पसरत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे. किडलेल्या दाढेतून सुरू होणारी ही सूज श्वासनलिका दाबू शकते. एरवी खर्चाच्या काळजीने थांबणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आहे, आणि तिथे हे बहुतेक उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. वेळ जास्त जातो, पण तरुण डॉक्टरांच्या कामावर अनुभवी शिक्षकांची नजर असते.

शेवटी लहान मुलांच्या एका दाढेबद्दल, कारण ती इतक्या वेळा दुर्लक्षित राहते की मला दर वेळी वाईट वाटते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. जुना दात पडलेला नसल्यामुळे आई-वडील तिला दुधाची समजतात, आणि किडली तरी पडून नवी येईल म्हणून सोडून देतात. ती दाढ कायमची असते, तिच्या जागी दुसरी कधीही येणार नसते. तिच्या माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात, आणि तिथेच पोळी-बिस्किटाचा लगदा अडकतो. त्या खाचा वेळेवर पातळ सीलंटने बुजवल्या तर दाढ पुष्कळ काळ सुरक्षित राहते, आणि त्यासाठी इंजेक्शनही लागत नाही. ती ओळखायची कशी, तर मुलाला सकाळी खिडकीशी उजेडात उभे करावे, तोंड उघडायला सांगावे आणि खालच्या ओळीत समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जावे. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. सहावा दात दिसला, तर तीच ती दाढ.